जड कोठ्याचं घर

आमच्या घरात सकाळी कुणी कुणाला 'झोप लागली का' असं विचारत नसे. 'झालं का?' असं विचारत. काय झालं का, हे सांगायची गरज नव्हती. आजोबा बाबांना विचारत, बाबा काकांना, आणि सुट्टीत पुण्याहून आलेले आतोबा तर पोह्यांची बशी हातात धरून, सगळ्यांच्या देखत, कालचा आणि परवाचा हिशेब मांडत. बडोद्याच्या दांडिया बाजारातल्या वाड्यात आमच्या पिढ्या गेल्या. पणजोबा संस्थानच्या कचेरीत कारकून म्हणून आले आणि येताना घराण्याचा जड कोठा देशावरून बरोबर घेऊन आले, असं आजीचं ठाम मत. ती स्वतः कोकणातली. सासरच्या झाडून सगळ्या खोडींचा उगम ती देशावर नेऊन ठेवायची.

देवघरावरच्या फडताळात तेलवातींच्या शेजारी पोटाची सगळी औषधं असत. इसबगोलचं पाकीट, एरंडेलाची बाटली, बाळहिरड्याची डबी, त्रिफळा, काळ्या मनुकांची बरणी आणि मांडवीजवळच्या काष्ठौषधीवाल्याने कागदात बांधून दिलेलं एक तपकिरी चूर्ण, ज्याचं नाव कुणालाच ठाऊक नव्हतं. प्रत्येकाचा पक्ष ठरलेला होता. आजोबा एरंडेलवाले, बाबा इसबगोलवाले, काका चूर्णवाले. एकमेकांच्या औषधाला नावं ठेवणं हा रात्रीच्या जेवणानंतरचा मोठा विरंगुळा. मी मोठी झाल्यावर मास्तरकी केली, जीवशास्त्र शिकवलं, आणि या फडताळातली एकेक बाटली खरंच काय करते ते जमेल तसं वाचत गेले. काही बाबतीत आजी बरोबर निघाली, काही बाबतीत कुणीच नाही.

एरंडेलापासून सुरुवात करते, कारण गुजरातेत राहून एरंडेल चुकवता येत नाही. जगातला बहुतेक एरंड भारतात पिकतो आणि भारतातला बहुतेक गुजरातेत. इथे त्याला दिवेल म्हणतात आणि त्याचा घरातला पहिला उपयोग पोटासाठी नाहीच, गव्हासाठी आहे. चैत्रात वर्षाचे गहू भरायचे. गच्चीवर जुन्या चादरी पसरून भालिया गव्हाचे ढीग घालायचे, पातेल्यात दिवेल कोमट करायचं आणि बायकांनी मांडी घालून बसून ते ओंजळी-ओंजळीने गव्हाला चोळायचं. दोन्ही तळव्यांमध्ये गहू घेऊन हात एकमेकांवर फिरवला की सुरुवातीला कोरडा करकर आवाज येतो. मग तेल दाण्यादाण्याला लागत जातं तसा आवाज मरतो आणि दाणे चकाकायला लागतात. नखांच्या कडेला, बांगड्यांच्या आतल्या बाजूला, कोपरापर्यंत चिकट. तो जड, किंचित खवट वास दोन दिवस साबणालाही दाद देत नाही. असे गहू पत्र्याच्या कोठीत भरले की वर्षभर टोका लागत नाही.

आणि त्याच पातेल्यात तळाला उरलेलं दिवेल पाहून आजोबांना नातवंडांची आठवण व्हायची. शाळा सुरू होण्याआधी एका रविवारी सगळ्यांना रेच. सुंठीच्या गरम चहावर एरंडेलाचा तवंग, वर लिंबाची फोड चोखायला. नाक दाबायचं, एका दमात संपवायचं. जिभेवरून ते खाली उतरतच नाही, घशात थांबून विचार करतं. दोनेक तासांनी पोटात मुरडा सुरू होई आणि दुपारपर्यंत आम्ही सगळी भावंडं अंगणातल्या पायरीवर रांगेत, रंग उडालेल्या चेहऱ्याने बसलेली. आजोबा समाधानाने म्हणत, 'कोठा धुतला.'

धुतला वगैरे काही नाही. एरंडेल लहान आतड्यात फुटतं आणि त्यातून रिसिनोलेइक आम्ल सुटतं. ते आतड्याच्या स्नायूंवरच्या एका विशिष्ट ग्राहकाला, म्हणजे संदेश पकडणाऱ्या रेणूला (इंग्रजीत रिसेप्टर), जाऊन डिवचतं, तसे स्नायू जोरात आवळतात. जर्मनीतल्या शास्त्रज्ञांनी 2012 मध्ये उंदरांवर प्रयोग करून हा ग्राहक नेमका कोणता ते दाखवलं. तोच ग्राहक गर्भाशयाच्या स्नायूंवरही असतो, म्हणून दिवस गेलेल्या बाईने एरंडेल घ्यायचं नाही ही सुईणींची ताकीद अगदी खरी. दोन ते सहा तासांत हे सगळं होतं, आणि शरीरातलं पाणी नि क्षार बरोबर घेऊन जातं. चार दिवस पोट अडलं म्हणून एरंडेल पिणं म्हणजे दार उघडत नाही म्हणून भिंत पाडणं. आज कुणी माझ्यासमोर धडधाकट पोराला शिस्त म्हणून एरंडेल पाजायला लागलं, तर मी चमचा काढून घेईन. गव्हाला मात्र अजूनही तेच चोळते.

बाबांचा पक्ष इसबगोलचा आणि त्या पक्षात मी आजही आहे. वाड्यात पलीकडे राहणाऱ्या गुजराती काकींचं माहेर उंझ्याकडचं. जिरं आणि इसबगोल यांची तिथली बाजारपेठ केवढी मोठी, हे त्या प्रत्येक वेळी नव्याने सांगत. नोव्हेंबरात पेरणी, फेब्रुवारी-मार्चात कापणी, आणि मधल्या काळात भावांचं लक्ष पिकापेक्षा आभाळाकडे. कणसं पिकल्यावर एक पाऊस पडला तरी संपलं. दाणा शेतातच भिजून फुगतो, जो गुण तुमच्या पोटात दाखवायचा तो मातीत दाखवून बसतो. काकी म्हणायच्या, 'मार्च मा वादळ जोईने मारा भाई ने झाडा थई जाय.' आभाळ भरून आलं की त्यांच्या भावाला हगवण लागायची. इसबगोल पिकवणाऱ्याला!

त्या दाण्यावरचं पांढरं टरफल काढतात, तेच आपलं इसबगोल. दाण्याच्या वजनाच्या सुमारे चौथाई एवढंच ते निघतं, आणि त्याचा मोठा वाटा परदेशात जातो, अमेरिकेत सर्वांत जास्त. ते पचत नाही, हाच त्याचा गुण. पाणी धरून ठेवतं, बुळबुळीत होतं आणि मोठ्या आतड्यातल्या मळाला ओलं, मऊ आणि भरीव करतं. मळ भरीव झाला की आतड्याच्या भिंती ताणल्या जातात आणि त्या आपणहून पुढे ढकलतात. जिथे पाणी कमी तिथे ते ओलावा देतं, जिथे पाणी जास्त तिथे शोषून घेतं. म्हणून आजीचा 'अडलं तर दुधातून, ढाळ झाले तर दह्यातून' हा नियम ऐकायला विनोदी वाटला तरी इसबगोल दोन्हीकडे चालतं हे खरंच आहे. दूध आणि दही त्यात किती हात लावतात तो भाग निराळा.

पण ते घ्यायची रीत आहे. बाबा स्टीलच्या पेल्यात कोमट पाणी घेत, वरून चमचा-दीड चमचा इसबगोल भुरभुरत, दोनदा ढवळत आणि लगेच पीत. मधे फोन आला, कुणी हाक मारली तरी थांबत नसत. थांबलं की पेल्यात खळ तयार होते आणि ती चमच्याने खावी लागते. त्यावर आणखी एक पेला पाणी. हा दुसरा पेला लोक विसरतात. कोरडं इसबगोल तोंडात टाकून घोटभर पाण्याने गिळणं धोक्याचं आहे. ते घशात किंवा अन्ननलिकेत फुगून बसू शकतं, आणि गिळायला त्रास असलेल्यांना, विशेषतः म्हाताऱ्या माणसांना, तर देऊच नये. थायरॉइडची, लोहाची, साखरेची गोळी आणि इसबगोल यांत दोनेक तासांचं अंतर ठेवावं, नाहीतर गोळीही त्या खळीत अडकून खाली जाते. आणि धीर धरावा. इसबगोलला बारा तासांपासून तीन दिवसांपर्यंत वेळ लागतो. रात्री घेऊन सकाळी सहाला चमत्काराची वाट पाहणारे लोक चौथ्या दिवशी काकांच्या पक्षात जातात.

काकांचा पक्ष म्हणजे चूर्ण. 'आयुर्वेदिक आहे, नुकसान काही नाही' हे त्यांचं घोषवाक्य. त्या कागदी पुडीत काय होतं ते मी पुढे त्या दुकानदारालाच विचारलं. त्याने सरळ सांगितलं: सोनामुखी, बडीशेप, सैंधव, हिरडा. नावाजलेल्या चूर्णांच्या डब्यांवरचे घटक बारीक अक्षरात वाचले तर पुष्कळदा सोनामुखीच सापडते. सोनामुखीच्या पानातल्या द्रव्यांना मोठ्या आतड्यातले जिवाणू फोडतात, मग ती आतड्याला चाळवतात. सहा ते बारा तासांत काम होतं. रात्री घ्या, सकाळी मोकळे. लोकांना हेच आवडतं. अधूनमधून, प्रवासात वगैरे घ्यायला हरकत नाही. डॉक्टरही सोनामुखीच्याच गोळ्या देतात. पण काका वर्षानुवर्षं रोज घेत. एक चमचा होता, त्याचे दोन झाले. पुढे दुर्बिणीने आतडं तपासलं तेव्हा आतलं अस्तर काळपट पडलेलं दिसलं. डॉक्टर म्हणाले, घाबरण्यासारखं नाही, चूर्ण बंद केलं की काळेपणा हळूहळू जातो, पण रोज चालू ठेवलं तर पोटॅशियम उतरेल. काका घाबरले ते पोटॅशियमला नव्हे, चूर्णाशिवायच्या उद्याच्या सकाळीला.

हिरडा आणि मनुका यांच्याबद्दल मला माया आहे, पुरावा थोडा कमी आहे. बाळहिरडा, म्हणजे बी धरायच्या आधीच गळलेला कोवळा हिरडा, त्याला इथे हिमज म्हणतात. तो एरंडेलात परतला की टुणकन फुगतो आणि ठिसूळ होतो. मग कुटून सैंधव घालून ठेवायचा. आजी चिमूटभर तोंडात टाकायची आणि आधी तुरट नि मग पाण्याने गोड होणारी ती चव मला अजून आवडते. मनुकांच्या बाबतीत मात्र शास्त्र थोडं जवळ आलंय. अमेरिकेत 2011 साली सुकवलेल्या आलुबुखारांची आणि इसबगोलची तुलना झाली. दिवसाला शंभर ग्रॅम आलुबुखार खाणाऱ्यांची पोटं इसबगोल घेणाऱ्यांपेक्षा बरी साफ झाली. त्यात तंतू, म्हणजे न पचणारा चोथा (फायबर), असतात आणि सॉर्बिटॉल नावाची एक साखर असते, जी नीट शोषली जात नाही आणि आतड्यात पाणी ओढून आणते. 2021 मध्ये त्याच धर्तीवर हिरव्या किवीची चाचणी झाली, दिवसाला दोन फळं. किवी, आलुबुखार आणि इसबगोल, तिन्हींनी गुण आला आणि किवीचा त्रास सगळ्यांत कमी झाला. खंडेराव मार्केटात आता किवी मिळते, पण तिचा भाव ऐकला की पोट आपोआप आवळतं. मी पपई, पेरू आणि भिजवलेले अंजीर घेऊन घरी येते.

खाण्याचं फार सांगत नाही, सगळ्यांना ठाऊक असतं. दिवसाला 25 ते 30 ग्रॅम तंतू पोटात जावेत, एवढा अंदाज पुरे. भाखरी जाड दळाच्या कणकेची, हिवाळ्यात बाजरीचा रोटला, जवळच्या पादरा गावाकडून येणारी पापडी आणि ओली तूर, हे आपल्या दाराशी आहे. सेव-उसळीला मात्र उगाच बदनाम करतात. तिच्यातल्या वाटाण्याचा काही गुन्हा नाही, गुन्हेगार आहे तो पाव, आणि दुसऱ्यांदा तर्री मागणारा खाणारा. पाण्याचंही तसंच. नुसतं पाणी ढोसून पोट साफ होत नाही. आधीच पुरेसं पिणाऱ्याने आणखी प्यायलं तर ते लघवीवाटे जातं. तंतू खाणाऱ्याने मात्र पाणी वाढवलं तर तंतूंचा गुण वाढतो. इटलीत 1998 मध्ये 25 ग्रॅम तंतू सगळ्यांना सारखेच देऊन, काहींना दोन लिटर पाणी पाजून हे पाहिलेलं आहे.

गुजरातेत पोटाचा विषय काढला आणि गांधीजी आले नाहीत असं होत नाही. आत्मकथेत त्यांनी स्वतःच्या बद्धकोष्ठाबद्दल मोकळेपणाने लिहिलंय. दक्षिण आफ्रिकेत असताना त्यांनी सकाळचा नाश्ता सोडून पाहिला. त्याने डोकेदुखी गेली, पोट तसंच राहिलं. मग कटिस्नान, आणि शेवटी ओल्या मातीची पट्टी रात्रभर पोटावर. मातीने गुण आला असं ते लिहितात. माझी त्यांच्या मातीशी काही तक्रार नाही, पण नाश्त्याशी आहे. पोटात काही पडलं की मोठ्या आतड्याला हलायची आज्ञा जाते, आणि सकाळी उठल्यावर ही आज्ञा सगळ्यांत जोरदार असते. चहा घेतल्यावर कळ येते ती चहाच्या पत्तीची करामत नव्हे, किंवा फक्त तिची नव्हे. रिकाम्या जठरात काहीतरी गरम उतरलं, एवढंच. म्हणजे निसर्गाने रोज सकाळी एक वेळ नेमून दिली आहे, पंधरा-वीस मिनिटांची. ती गाठली तर फडताळ उघडायची वेळ क्वचित येते.

आता एक गोष्ट बघा. 'झालं का?' हे आमच्याकडे आजोबा बाबांना विचारत, बाबा काकांना. आईला कुणी विचारल्याचं मला आठवत नाही. आजीलाही नाही, काकूलाही नाही. घरातल्या बायकांना पोटं होती, ती मुलं व्हायला आणि एकादशी करायला.

वाड्यात पाच बिऱ्हाडं आणि मागच्या अंगणात दोन संडास. आजीच्या काळी ते डब्याचे होते, आणि डबा उचलायला भल्या पहाटे मागच्या गल्लीतून एक बाई यायची. आमच्या घरात कोठ्याची चर्चा तासन्‌तास चाले, पण त्या बाईचं नाव विचारलं तर आजीला सांगता आलं नाही. माझ्या लहानपणी फ्लशचे झाले होते. सकाळी पुरुषांची रांग, कारण त्यांना कचेरी. मग आम्ही पोरं, कारण शाळा. आणि नळ साडेसहाला यायचा. 1890 च्या दशकात सयाजीरावांनी आजव्याच्या तलावाचं पाणी शहरात आणलं त्याचं कौतुक आम्ही शाळेत पाठ केलंय, पण ते पाणी वाड्याच्या नळाला ज्या वेळेला यायचं, त्याच वेळेला आईच्या पोटात चहा उतरलेला असायचा. पिंप भरायचं, हंडे भरायचे, मधेच सोडून जावं तर पाणी जाईल. कळ येई आणि जिरून जाई. मग दहा वाजता, सगळे गेल्यावर, संडास मोकळा असे आणि कळ नसे.

कळ जिरते म्हणजे काय होतं, हे मी कितीतरी वर्षं फळ्यावर आकृती काढून शिकवलंय. मळ गुदाशयात आला, भिंत ताणली गेली, मेंदूला निरोप गेला. आपण आवळून धरलं की मळ थोडा मागे सरकतो आणि निरोप थांबतो. पण मोठं आतडं आपलं काम करत राहतं, त्यातलं पाणी शोषत राहतं. दुसऱ्या वेळी तोच मळ जास्त कोरडा, जास्त टणक. रोज रोज असं केलं की गुदाशयाला ताणाची सवय होते आणि निरोपच उशिरा जायला लागतो. चरकाने सूत्रस्थानाच्या सातव्या अध्यायात अडवू नयेत असे तेरा वेग सांगितलेत. मूत्र, पुरीष, शिंक, जांभई, भूक, तहान, अगदी अश्रूसुद्धा. मी ती यादी पहिल्यांदा वाचली तेव्हा मला आईच आठवली. तेरातले किमान नऊ-दहा तरी ती रोज अडवत होती.

आणि हे वाड्याबरोबर गेलं म्हणावं तर तसंही नाही. मी ज्या शाळेत नोकरी केली तिथे शिक्षिकांसाठी एक संडास होता, त्याची किल्ली कार्यालयात आणि कार्यालयात कायम चार पुरुष बसलेले. किल्ली मागायची म्हणजे सगळ्यांना जाहीर करायचं. म्हणून आम्ही पाणीच कमी प्यायचो. मुलींचं त्याहून वाईट, त्यांच्या दाराला कडीच नव्हती. माझ्या वर्गात पोट दुखतं म्हणून घरी जाणाऱ्या मुलींना मी आधी विचारायची, 'कधी झालं होतं?' त्या खाली बघत. उत्तर बहुधा 'परवा' किंवा 'आठवत नाही' असं. आठवड्याला तीनदा ते दिवसाला तीनदा इथपर्यंत सगळं ठीक धरतात, पण यांचं त्यातही बसत नसे. उत्तरायणात, म्हणजे संक्रांतीच्या पतंगांच्या दिवसांत, तर हे गच्चीवरच दिसतं. दोन दिवस सगळं बडोदं छपरावर. उंधियू, जलेबी, चिक्की, आणि बायका-मुली पाण्याला नको म्हणतात, कारण चार मजले उतरून खाली कोण जाणार. पतंग उतरले की इसबगोलची आठवण.

बसण्याचाही संबंध आहे. उकिडवं बसलं की गुदाशयाचा वाकलेला मार्ग सरळ होतो, त्याला आवळून धरणारा एक स्नायू सैल पडतो. कमोडवर तो अर्धवटच सैल पडतो. माझे सासरे गोत्रीच्या नव्या फ्लॅटमध्ये राहायला गेले आणि आठवड्याभरात चिडचिडे झाले. मी म्हटलं, पायाखाली काहीतरी उंच घ्या, गुडघे कमरेच्या वर आले पाहिजेत, आणि थोडं पुढे वाका. दुसऱ्या दिवशी सकाळी सासूबाईंचा आवाज: 'अहो, तो गौरीचा पाट आहे!' प्लास्टिकचं एक बुटकं स्टूल आणलं, प्रश्न मिटला. सासरे ते गावालाही बरोबर नेतात.

एवढं सगळं अधूनमधून अडणाऱ्या पोटाबद्दल. मळात रक्त दिसलं, वजन आपोआप उतरायला लागलं, पन्नाशीच्या आसपास अचानक सवय बदलली, पोट फुगून वारासुद्धा सरत नसेल आणि उलट्या होत असतील, तर फडताळ बंद करून डॉक्टरांकडे जायचं. लोहाच्या आणि कॅल्शियमच्या गोळ्या, कोडीनचं खोकल्याचं औषध, मंदावलेलं थायरॉइड यांनीही पोट अडतं, तिथे मनुका काय करणार? आमच्या एका आतेबहिणीचं थायरॉइड असंच सापडलं. ती दोन वर्षं त्रिफळ्यावर होती.

परवा भाचीचा फोन आला. ती मकरपुऱ्याच्या एका कारखान्यात केमिस्ट आहे, सव्वासातला कंपनीची बस. 'मावशी, ते काकाआजोबांचं चूर्ण कुठं मिळतं गं?' मी म्हटलं, चूर्णाचं मग बघू, तू आधी सकाळ सांग. साडेपाचला उठते, कुकर लावते, सहाला चहा घेते, मग लेकीचा डबा, नवऱ्याचा डबा, स्वतःचा डबा, लेकीच्या वेण्या. कळ कधी येते? 'सव्वासहाला. भाजी फोडणीला टाकते तेव्हा.' मग? 'मग काय, जिरते.' कारखान्यात? 'तिथे मावशी, साफ असतो, पण माझ्या पाळीला बायका दोघीच. उठून गेलं की सगळे बघतात.'

रविवारी मी पपई आणि इसबगोल घेऊन तिच्याकडे गेले. जावईबापू चांगला मुलगा आहे, लगेच म्हणाला, 'मावशी, तुम्ही कशाला त्रास घेतलात, मीच आणून दिलं असतं. आणखी काय काय लागेल सांगा, यादी करतो.' मी म्हटलं, यादी नको. सव्वासहा ते साडेसहा तुम्ही ओट्याशी उभे राहा, भाजी हलवा, तीन डबे भरा.

तो म्हणाला, 'चालेल की.' आणि मग तिच्याकडे वळून, 'डब्यात काय काय देतेस गं तू?'